रेसचं जुनं इंजिन घ्यायचंय? आधी मोजा, मग भावाचं बोला

ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीची, इंजिनं आणि सुटे भाग यांच्या खरेदी-विक्रीबद्दल आलेल्या पत्रांतून सात प्रश्न या वेळी निवडले आहेत. अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं जास्त आहेत, आणि ते साहजिक आहे. हा बाजार मुळात तिथलाच. १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संघटना स्थापन झाली तेव्हापासून पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या पट्टीवर धावणाऱ्या गाड्यांचा माल तिथे या हातातून त्या हातात जात आला आहे. पुणे, नाशिक आणि कोल्हापूरच्या वाचकांचे प्रश्नही घेतले आहेत.

प्रश्न : इंग्लिशटाउनची पट्टी २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून मी ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेवर जातो. एका जाहिरातीत ३८३ घनइंचाचं स्मॉल ब्लॉक शेवी (शेवरोलेचं व्ही-८ इंजिन) दिसलं : ‘फ्रेश बिल्ड, ५०० हॉर्सपॉवर, फक्त १० पास’ (पास म्हणजे पट्टीवरची एक धाव). इंजिन स्टँडवर आहे, चालू करून दाखवता येणार नाही असं विकणारा म्हणतो. बघायला जाताना काय न्यावं आणि काय तपासावं? — वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : घरातून निघण्याआधी कागद मागा. रेसचं इंजिन मन लावून बांधणाऱ्याकडे तीन कागद असतातच : मशीन शॉपचं बिल, कॅमबरोबर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याबरोबर) आलेलं मापांचं कॅम कार्ड, आणि मापांचा तक्ता. तक्त्यात मेन आणि रॉड बेअरिंगचा क्लिअरन्स (तेलासाठी ठेवलेली फट), रिंग गॅप (पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांतली फट), रॉड बोल्टची मूळ लांबी एवढं तरी हवं. फोनवरच विचारा, ‘मेन क्लिअरन्स किती ठेवलाय?’ ३५० च्या ब्लॉकचा मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगवर टेकणारा भाग) २.४५ इंचाचा असतो. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) या हिशेबाने अडीच थाऊच्या जवळपास उत्तर यायला हवं. ‘ते सगळं शॉपने बघितलं’ एवढंच सांगितलं, तर शॉपचं बिल हातात येईपर्यंत पुढचं काही बोलू नका.

आता ५०० चा दावा. हे इंजिन १० वेळा पळालं असेल तर टाइम स्लिप (प्रत्येक धावेची वेळ आणि वेग छापलेली पट्टीवरची चिठ्ठी) असणारच. ज्या गाडीत पळालं तिचं चालकासकट वजन पाउंडात घ्या आणि पट्टी ओलांडतानाचा वेग ताशी मैलांत घ्या. वेगाला २३४ ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा आणि त्याला वजनाने गुणा. ३,२०० पाउंडांची गाडी ११८ मैलांनी पट्टी ओलांडत असेल तर उत्तर ४१० च्या आसपास येतं. खरोखर ५०० असतील तर तीच गाडी १२६ च्या जवळ जायला हवी. ईटी, म्हणजे पट्टी पार करायला लागलेला वेळ, बघून फसू नका. टायरची पकड आणि पहिले ६० फूट यांवर ईटी खूप हलते. शेवटचा वेग मात्र इंजिनाच्या ताकदीची बऱ्यापैकी खरी कल्पना देतो.

मग प्रश्न उरतो की हे ३८३ आहे तरी का. ३८३ म्हणजे ३५० चा ब्लॉक तीस थाऊ वाढवून ४.०३० इंच बोअर (सिलिंडरचा व्यास), आणि त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँक. तोच ब्लॉक मूळच्या ३.४८ इंचाच्या क्रँकसह बांधला तर ते ३५५ होतं, आणि बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. त्यामुळे ऑइल चेंबर खोलायला सांगा, नव्या गॅस्केटचे पैसे तुम्ही द्या. इंजिन स्टँडवर उलटं करा, चेंबरच्या कडेवर सरळपट्टी आडवी ठेवा आणि एका रॉड जर्नलचं अंतर वरच्या टोकाला व खालच्या टोकाला मोजा. दोन्ही मापांतला फरक हाच स्ट्रोक. चेंबर खोललेलाच आहे तर ब्लॉकच्या कडेला रॉड बोल्टसाठी घासलेल्या खाचा दिसतात का तेही बघा, ३.७५ च्या क्रँकला बहुधा त्या घ्याव्या लागतात. विकणारा तयार असेल तर एक मेन कॅप आणि एक रॉड कॅप काढून बेअरिंग बघा. करडा, एकसारखा रंग ठीक. तांबं दिसायला लागलं असेल तर १० पासवर विश्वास ठेवू नका.

क्रँकबरोबर बॅलन्सचा प्रश्न येतो आणि इथे नवखे लोक हमखास अडकतात. ४०० घनइंचाच्या इंजिनाच्या नमुन्यावर बनलेला क्रँक एक्स्टर्नल बॅलन्सचा असेल तर पुढचा डॅम्पर (क्रँकची थरथर शोषणारं चाक) आणि मागची फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी चकती) दोन्ही वजनाची लागतात. इंटर्नल बॅलन्स केलेला असेल तर बिनवजनाचा डॅम्पर. शिवाय १९८६ पासूनच्या ब्लॉकचा मागचा सील एकसंध असतो आणि त्याची फ्लेक्सप्लेट वेगळीच असते. तुमच्या जुन्या इंजिनाची फ्लेक्सप्लेट ‘बसतेय ना’ म्हणून लावली आणि बॅलन्स जुळला नाही, तर इंजिन थरथरतं, मेन बेअरिंग ठोकली जातात आणि शेवटी क्रँकला चीर जाते. म्हणून डॅम्पर आणि फ्लेक्सप्लेट इंजिनासोबतच मागून घ्या आणि बॅलन्स कोणता ते बिलावर लिहून घ्या. डॅम्परवर एसएफआय (सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) १८.१ चं लेबल आहे का बघा. १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला एनएचआरएच्या नियमाने ते लागतंच.

चालू न होणाऱ्या इंजिनाची खरी परीक्षा म्हणजे लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं. टेस्टर, छोटा कॉम्प्रेसर, बोअरस्कोप, चुंबक, फिलर गेज आणि फिल्टर कापायचा कटर गाडीत टाका. एकेक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर आणा, क्रँक फिरू नये म्हणून बार लावून धरा आणि १०० पीएसआय हवा सोडा. चांगलं रेस इंजिन ५ टक्क्यांच्या आत राहतं, १० पर्यंत चालवून घेता येतं. १५ च्या वर गेलं तर ते उघडायचं इंजिन आहे असं धरूनच भाव करा. टर्बो किंवा नायट्रसच्या इंजिनाचा रिंग गॅप मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, तिथे दोन-चार टक्के जास्त आले तर घाबरू नका. आकड्याइतकंच महत्त्व हवा कुठून येते याला : कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, हेडरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर.

ऑइल फिल्टर कापा आणि कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. सोनेरी चमक बेअरिंगची. चुंबकाला चिकटणारे कण असतील तर कॅम, लिफ्टर किंवा रोलरच्या बारीक सुया. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी भुकटी बहुधा पिस्टनची. सॉलिड रोलर कॅम असेल तर लिफ्टरवर खास लक्ष द्या, कारण त्यातल्या सुयांचं बेअरिंग फुटलं की लोखंडाचे तुकडे तेलाबरोबर सगळ्या इंजिनात जातात. टॅपेट कव्हर काढून १६ व्हॉल्व्हचा लॅश (मोकळी फट) मोजा आणि कॅम कार्डाशी ताडा. पंधरा सारखे आणि एकच भलताच ढिला असेल तर तो लोब किंवा लिफ्टर झिजतोय. व्हॉल्व्ह स्प्रिंग इंजिन उभं असतानाही दबून राहतात. सीटवरचा दाब कॅम कार्डातल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घटलेला असेल तर संपूर्ण सेट बदलायचा आणि तो खर्च आधीच किमतीतून वजा करायचा. रॉड बोल्टचंही तसंच : तक्त्यात लिहिलेल्या मूळ लांबीपेक्षा बोल्ट एक थाऊ जरी कायमचा लांबला असेल, तरी तो टाकून द्यावा असं बोल्ट बनवणारी एआरपी कंपनी सांगते. तक्ताच नसेल तर बोल्ट नवे धरा.

मिथेनॉलवर पळालेलं आहे का हे मुद्दाम विचारा. मिथेनॉलचं इंजिन हंगाम संपताना पेट्रोलवर चालवून धुतलं नाही, तर कार्ब्युरेटरमध्ये पांढरी पूड साचते आणि तेल दुधाळ होतं.

प्रश्न : घेतलेल्या स्मॉल ब्लॉकचं कॉम्प्रेशन १ ते ८ क्रमाने १६५, १६०, ११८, १६२, १२०, १५८, १६४, १६१ पीएसआय आलं. रेशो ११ आहे म्हणून सांगितलं होतं, मग १६५ सुद्धा कमी नाही का? — वाचक, शिकागो

उत्तर : १६५ कमी नाही. रेसच्या कॅमला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि स्टार्टरच्या संथ गतीला बरीच हवा परत बाहेर जाते. तिथे रोजच्या गाडीचा मापदंड लावायचा नसतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको, एवढं बघायचं.

तुमचं दुखणं ३ आणि ५ मध्ये आहे. शेवीत १-३-५-७ एका बाजूला असतात, म्हणजे हे दोघे शेजारी, आणि शेजारचे दोघे एकत्र पडले की पहिला संशय मधल्या गॅस्केटवर. या हेडमध्ये ३ आणि ५ चे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे तिथे सगळ्यात जास्त तापतं. तीनमध्ये हवा सोडा आणि पाचच्या प्लगच्या भोकाला कान लावा. हवा ऐकू आली तर हेड काढा. हेड सरळ आहे का ते तपासा आणि मुख्य म्हणजे ब्लॉकवर त्या दोन सिलिंडरांच्या मध्ये जळून खाच पडलीय का ते नखाने चाचपा. खाच नसेल तर गॅस्केट आणि हेडला फेस मारण्यात (मशीनवर घासून सपाट करण्यात) काम भागतं. खाच असेल तर ब्लॉकच मशीनवर चढवावा लागेल, तेव्हा विकणाऱ्याशी त्या खर्चावरच बोला.

प्रश्न : अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या व्हॅली रनसारख्या स्पर्धेसाठी मारुती एस्टीम तयार करतोय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जी-१३ इंजिन बघितलं आहे. जुन्या बाजारातून इंजिन घेताना फसवणूक कशी टाळावी? कागद कोणते लागतात? — वाचक, पुणे

उत्तर : जी-१३ हे घेण्यासारखं इंजिन आहे. एस्टीम, जिप्सी आणि पहिली स्विफ्ट अशा तीन गाड्यांत ते आलं, त्यामुळे माल मिळतो आणि नाना पेठेत स्पेअरचीही अडचण पडत नाही. फक्त ८ व्हॉल्व्ह आणि १६ व्हॉल्व्ह यांत गल्लत करू नका. ड्रॅगसाठी १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआयच (इंजेक्शनवालंच) बघा, आणि घेताना वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा संगणक), सेन्सर, थ्रॉटल बॉडी सगळं त्याच गाडीचं एकत्र घ्या. नंतर एकेक सेन्सर शोधण्यात इंजिनाइतकेच पैसे जातात.

इंजिन गिअरबॉक्ससकट मागा. स्टार्टर गिअरबॉक्सच्या घंटेवर बसतो, त्यामुळे जमिनीवर ठेवूनही बॅटरी लावून इंजिन फिरवता येतं. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन घ्या. गरम इंजिनाला दर चौरस सेंटिमीटरला १४ किलो हा मूळ आकडा, १२ ही खालची मर्यादा आणि सिलिंडरांतला फरक १ किलोच्या आत. बाजारात इंजिन थंड असतं, आकडे थोडे कमी येणार, म्हणून फरकावर नजर ठेवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

या इंजिनाचा शत्रू म्हणजे तापणं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, एकदा उकळलं की हेड वाकतं. पाण्याची नळी काढून बोट घाला. आत लाल चिखल असेल तर मागच्या मालकाने कूलंट न घालता साधं पाणी वापरलंय. डिपस्टिकला किंवा तेलाच्या झाकणाला चहाच्या रंगाचा फेस असेल तर ते इंजिन सोडा. घेतल्यावर हेड काढाच आणि सरळपट्टी ठेवून फिलर गेजने बघा : ०.०५ मिलिमीटरची पट्टी कुठे आत गेली तर फेस मारावा लागेल. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप न बघता नवे टाका.

बोअर वाढवण्याआधी तुमच्या वर्गाची सीसी मर्यादा स्पर्धेच्या नियमपत्रात वाचा. मूळ बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, म्हणजे १,२९८ सीसी. अर्धा मिलिमीटर वाढवला की १,३१६, एक वाढवला की १,३३४. मर्यादेच्या आत असाल तरी पहिल्यांदाच शेवटच्या ओव्हरसाइजला जाऊ नका, पुढच्या वेळी वाढवायला जागा राहत नाही.

कागदांच्या बाबतीत अजिबात ढिलाई नको. दुकानाचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, आणि ते इंजिन ज्या गाडीचं होतं तिच्या आरसीची प्रत. ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा, पेन्सिलने कागदावर घासून ठसा घ्या आणि बिलाशी जुळवा. नंबर घासलेला, पुन्हा पंच केलेला किंवा त्यावर जाड रंग असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि घासलेला नंबर डोळ्यांनी बघून घेतला असेल तर ‘मला ठाऊक नव्हतं’ हे पटवून देणं फार कठीण जातं. गाडी रस्त्यावरही चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं : आरसीतल्या नोंदींशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. इंजिन बदलायच्या आधीच आरटीओत अर्ज करा. फक्त पट्टीवर पळवायची असेल तर तिला पट्टीपर्यंत टोइंगच्या गाडीवरून न्या, रस्त्यावर चाक टेकवू नका.

प्रश्न : शारजात असलेला भाऊ तिथल्या जुन्या मालाच्या बाजारातून टोयोटाचं २जेझेड इंजिन स्वस्तात पाठवतो म्हणतो. मागवावं का? — वाचक, नाशिक

उत्तर : तसंच उचलून पाठवायला सांगू नका. भारताच्या परराष्ट्र व्यापार धोरणात यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेला माल ‘निर्बंधित’ गटात येतो आणि त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय आलेलं इंजिन कस्टममध्ये अडकतं, दंड होतो, माल जप्तही होतो. भारतात आधीच आलेलं इंजिन कुणी विकत असेल तर बिल ऑफ एंट्रीची (कस्टममधल्या आयातीच्या कागदाची) प्रत मागा आणि तीवरचं वर्णन मालाशी जुळतं का बघा.

एक गोष्ट भावालाही सांगा. २जेझेड दोन प्रकारांत येतं. बिनटर्बोच्या जीईचा कॉम्प्रेशन रेशो १०, टर्बोवाल्या जीटीईचा ८.५, आणि जीटीईत पिस्टनवर खालून तेल उडवणारे नोझल असतात. जीईवर टर्बो चढवून जीटीईच्या भावात विकण्याचा प्रकार होतो. तेव्हा आत ते नोझल आहेत का हे बघितल्याशिवाय भाव ठरवू नये.

प्रश्न : भंगार यार्डातलं जनरल मोटर्सचं ५.३ लिटरचं एलएस इंजिन घेऊन त्यावर वापरलेला टर्बो बसवायचा बेत आहे. दोन्ही घेताना काय बघू? — वाचक, अटलांटा

उत्तर : कमी पैशांत वेगवान गाडी करण्याचा हा आजचा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. लोखंडी ब्लॉकचं ५.३ अमेरिकेतल्या लाखो पिकअपमध्ये आलं, म्हणून स्वस्त आहे. शक्य असेल तर इंजिन ट्रकमध्ये असतानाच बघा, ट्रकचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि किती मैल झाले ते विचारा.

पहिली गोष्ट पिढीची. तिसऱ्या पिढीच्या क्रँकवर सेन्सरचं चाक २४ दातांचं, चौथ्या पिढीच्या बहुधा ५८ दातांचं. कॅमचा सेन्सर तिसऱ्या पिढीत मागे, चौथ्या पिढीत पुढे. तुमच्याकडे २४ चा ईसीयू (इंजिनाचा संगणक) असेल आणि ५८ चं इंजिन आणलं तर ते सुरूच होणार नाही. दोन्ही जुळवून घ्या किंवा दोन्ही एकाच ट्रकमधून उचला. चौथ्या पिढीचे रॉड जास्त दणकट आहेत, पण तिच्यातल्या काही इंजिनांत अर्धे सिलिंडर बंद करणारी योजना असते आणि तिचे लिफ्टर निकामी होतात. तसं इंजिन घेतलं तर ते लिफ्टर आणि कॅम काढून साधे टाकायचा खर्च धरा. हेडवर ७०६ हा नंबर असेल तर कास्टेकची खूण आहे का शोधा. त्या ओतकामातल्या काही हेडांना चीर जाऊन पाणी तेलात उतरतं.

पुढची गोष्ट रिंग गॅपची, आणि टर्बोखाली फुटणाऱ्या ५.३ मागे बहुतेक वेळा हीच असते. गॅप कमी असेल तर तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची वरची कड तुटून निघते. बोअर ३.७८ इंच. टर्बोसाठी दर इंचाला सहा थाऊ धरले तर वरच्या रिंगेला बावीस-तेवीस थाऊ गॅप हवा. म्हणजे इंजिन उघडावंच लागेल. रिंगा एकेक करून कानशीने किंवा रिंग फाइलरने घासा, बोअरमध्ये पिस्टनने सरळ बसवून मोजा.

टर्बोमध्ये शाफ्ट बोटांनी धरून दोन्ही दिशांनी हलवा. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत आडवा खेळ थोडा असतोच, तो तेलाने भरून निघतो. उभा, म्हणजे पुढे-मागे होणारा खेळ मात्र हाताला जाणवताच कामा नये. पाती कवचाला घासल्याची चमकती रेघ दिसली किंवा एखाद्या पात्याची टोकं बोथट असतील तर तो टर्बो घेऊ नका, भाव कितीही असो. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर तेलाच्या वाटेत साधारण १ मिलिमीटरचं रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारं बारीक छिद्र) लागतं. तेलाचा दाब जास्त असताना ते विसरलं की सील तेल सोडतो आणि धूर बघून लोक चांगला टर्बो भंगारात काढतात.

प्रश्न : वापरलेला हार्नेस (चालकाला सीटला बांधणारे पट्टे), फायर सूट आणि हेल्मेट निम्म्या किमतीत मिळतंय. घ्यावं का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : हार्नेस आणि हेल्मेट जुनं घेऊ नका. हेल्मेटच्या आतला फोम एकदा दाबला गेला की बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मागच्या मालकाचा अपघात झालेला होता का हे तपासायचा मार्ग नाही. हार्नेसच्या पट्ट्या ऊन आणि घाम यांनी कमजोर होतात. एसएफआय १६.१ चा हार्नेस एनएचआरएच्या नियमाने बनल्यापासून दोनच वर्षं चालतो, महिना आणि वर्ष लेबलवर छिद्र पाडून दिलेलं असतं. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या मानकाच्या हार्नेसवर तर कुठल्या वर्षानंतर चालणार नाही ते थेट छापलेलं असतं, आणि तपासनीस आधी तेच वाचतो. सूट घ्यायचा असेल तर शिवण, बाह्या आणि लेबल बघा. तेल-पेट्रोलचे डाग पडलेला किंवा भोक पडून ठिगळ लावलेला सूट आगीत कामाचा नाही. मान सांभाळणारं एचएएनएस उपकरण जुनं चालेल, पण त्याचं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं आणि पट्टे बदलून घ्यावेत.

प्रश्न : बेटाउनची पट्टी २०२३ मध्ये बंद झाल्यापासून माझी गाडी उभीच आहे. इंजिन, पॉवरग्लाइड गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर वेगवेगळे विकायचे आहेत. जाहिरात कशी लिहू, आणि माल दूरच्या राज्यात कसा पाठवू? — वाचक, ह्यूस्टन

उत्तर : वेगवेगळे विकलेत तर एकूण रक्कम जास्त येते, फक्त वेळ लागतो. एक अपवाद करा : कन्व्हर्टर शक्यतो इंजिनाबरोबरच द्या. कन्व्हर्टरचा स्टॉल (गाडी ब्रेकवर धरलेली असताना इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा) हा त्याला जोडलेल्या इंजिनाच्या टॉर्कवर ठरतो. समजा, ६०० हॉर्सपॉवरच्या मागे ५,५०० ला स्टॉल होणारा कन्व्हर्टर ४०० च्या इंजिनामागे बराच खाली येईल, आणि घेणारा म्हणेल की माल खराब निघाला. वेगळा विकायचाच असेल तर कोणत्या इंजिनामागे, किती वजनाच्या गाडीत, किती स्टॉल मिळाला ते स्पष्ट लिहा. गिअरबॉक्ससाठी पहिला गिअर १.७६ चा की १.८२ चा, इनपुट शाफ्टला किती दाते, ट्रान्सब्रेक (सुटण्याआधी गाडी जागेवर धरून ठेवणारी सोय) आहे का आणि शेवटचं उघडल्यापासून किती पास झाले हे हवं. एखाद्या गिअरबॉक्सचे क्लच जळाले असतील तर त्याच्याबरोबरचा कन्व्हर्टर धुतल्याशिवाय विकू नका, आतला चुरा दुसऱ्याचा गिअरबॉक्स खाईल.

इंजिनाच्या जाहिरातीत कोणते भाग कोणत्या कंपनीचे, बोअर आणि स्ट्रोक, कॅम कार्डातले आकडे, इंधन, शेवटच्या बांधणीनंतरचे पास आणि ज्या गाडीत होतं तिचं वजन व ट्रॅप स्पीड (पट्टी ओलांडतानाचा वेग) एवढं द्या. आठही सिलिंडरांच्या लीक-डाउनच्या आकड्यांचा तारखेसह फोटो लावा. दोष असतील तेही लिहा. हेडला वेल्ड असेल किंवा ब्लॉकला स्लीव्ह असेल, तर ते घेणाऱ्याला मशीन शॉपमध्ये कळणारच आहे. आधी सांगितलंत तर भाव थोडा कमी येईल, पण माल परत येणार नाही आणि पट्टीवरच्या लोकांत नाव शाबूत राहील. मजुरीचे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका. घेणारा भागांच्या किमतीवरच हिशेब करतो, आणि तुम्हीही घेताना तेच केलं असतं.

पाठवताना लोखंडी स्मॉल ब्लॉक सगळ्या भागांसह साधारण २६० किलो भरतो. तेल आणि पाणी पूर्ण काढा, नाहीतर मालवाहतूकवाले उचलत नाहीत. सगळी उघडी तोंडं बुचांनी बंद करा, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर काढून वेगळ्या खोक्यात ठेवा. इंजिन कधीही ऑइल चेंबरवर टेकवू नका : पॅलेटवर लाकडी घोडी करून इंजिन माउंट आणि मागच्या घंटेच्या बोल्टांवर पेलवा, मग चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळा. पॅलेट बंद करण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि वाहतुकीचा विमा घ्या.

पैशांबाबत एक फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. अनोळखी घेणारा ठरलेल्या रकमेपेक्षा मोठ्या रकमेचा कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) पाठवतो आणि उरलेले पैसे ‘गाडीवाल्याला द्या’ म्हणतो. बँक चेकचे पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात दाखवते, पण चेक बनावट असल्याचं आठवड्या-दोन आठवड्यांनीही कळू शकतं आणि तेव्हा सगळी रक्कम तुमच्या खात्यातून वजा होते. बँकेतून आलेला वायर (थेट खात्यात पैसे पाठवणं) घ्या, किंवा दोघांनी मिळून घेणाऱ्याच्या बँकेत जाऊन चेक तिथेच वठवा. विक्रीपत्रावर ब्लॉकचा कास्टिंग नंबर, ‘आहे त्या स्थितीत’ ही अट, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. पॅलेट ट्रकवर चढवायला द्याल ते वायर खात्यात पक्का जमा झाल्याचं बँकेने सांगितल्यावरच.